गॅस गीझर पेटतो आणि मध्येच विझतो : कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत

साताऱ्यात दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागली की गॅस गीझरची एक तक्रार घरोघरी सुरू होते. नळ उघडल्यावर गीझर पेटतो, दोन-चार मिनिटे नीट चालतो आणि अंगाला साबण लावलेला असतानाच विझतो. नळ बंद करून पुन्हा उघडला तर कधी पेटतो, तर कधी नुसताच टिकटिक करत राहतो. मेकॅनिक येतो, सेल बदलतो, आठवडाभर बरे चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सांगली-मिरजेकडे, विशेषतः बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत, हीच तक्रार थोड्या वेगळ्या रूपात येते : तिथे गीझर विझू लागण्याच्या काही महिने आधीपासून गरम पाण्याची धार बारीक होत गेलेली असते आणि आतून खळखळल्यासारखा आवाज येत असतो. दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत. सेल हे त्यांतले केवळ एक, आणि तेही सर्वांत सोपे कारण आहे.

येथील विवेचन भिंतीवर टांगलेल्या, पाणी साठवून न ठेवता वाहते पाणी तापवणाऱ्या, मिनिटाला पाच-सहा लिटर क्षमतेच्या आणि घरगुती सिलिंडरवर चालणाऱ्या गीझरपुरते आहे. अशा गीझरमध्ये पाणी वाहू लागले की पाण्याच्या झडपेतला रबरी पडदा, ज्याला मेकॅनिक डायफ्रॅम म्हणतात, दाबाच्या फरकाने सरकतो आणि एक बारीक दांडी ढकलतो. त्या दांडीच्या हालचालीने मायक्रोस्विच चालू होतो, दोन मोठ्या सेलांवर चालणारे सर्किट ठिणगी पाडू लागते आणि त्याच वेळी गॅसची विद्युत झडप उघडते. बर्नर पेटल्यावर ज्वालेत बुडालेली एक कांडी ज्वाला आहे की नाही हे सतत पाहत असते, आणि ज्वाला दिसेनाशी झाली तर काही सेकंदांत गॅस तोडला जातो. याखेरीज तांब्याच्या नळीवर एक कट-ऑफ बसवलेला असतो, जो पाणी मर्यादेबाहेर तापले की गॅस बंद करतो, आणि बऱ्याच मॉडेलांत सलग वीस मिनिटे चालल्यावर गीझर आपोआप बंद करणारा टायमरही असतो. म्हणजे गीझर विझतो तेव्हा पुष्कळदा या संरक्षक यंत्रणांपैकी कोणीतरी आपले काम चोख केलेले असते. दुरुस्ती करायची ती त्या यंत्रणेला भाग पाडणाऱ्या कारणाची करायची असते, यंत्रणेची नव्हे.

ज्वाला टिकण्यासाठी पाणी, ठिणगी, गॅस आणि हवा या चार गोष्टी लागतात. पहिल्या तिन्हींपैकी एक कमी पडली तर गीझर विझतो आणि आंघोळीचा खोळंबा होतो, एवढेच. चौथी कमी पडली तर गीझर बहुधा चालूच राहतो, आणि आतला माणूस कोसळतो. म्हणून तक्रार पाण्याची असो वा सेलची, तपासणीची सुरुवात हवेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे, मग घरच्यांना ते कितीही अप्रस्तुत वाटो.

आधी हवा

याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. थंडीत पहाटे टाकीतले पाणी पंधरा अंशांच्या आसपास असते आणि आंघोळीला ते चाळीस अंशांचे लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर गीझरला ताशी पाऊण ते एक किलो या वेगाने गॅस जाळावा लागतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा एक बर्नर ताशी साधारण दीडशे ग्रॅम जाळतो, म्हणजे गीझर ही एकाच वेळी पेटलेल्या पाच-सहा शेगड्यांची आग आहे. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आपल्याकडचे नेहमीचे न्हाणीघर पाच फूट बाय सात फूट आणि आठ फूट उंच धरले, तर त्यात अवघी आठ घनमीटर हवा मावते. दार-खिडकी बंद ठेवून पंधरा मिनिटे गीझर चालवला तर त्या खोलीतल्या हवेच्या एक तृतीयांश भागाइतकी हवा ज्वालेने वापरलेली असते. प्राणवायू एवढा घटण्याच्या कितीतरी आधी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, पायांतले त्राण जाणे ही लक्षणे गरम पाण्याच्या वाफेत सहज ‘घाम फुटला असेल’ म्हणून दुर्लक्षिली जातात, आणि दार उघडावे हे सुचेपर्यंत ते उघडण्याची ताकद उरलेली नसते.

त्यामुळे गॅस गीझर न्हाणीघराच्या आत नसावाच. तो बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा उघड्यावरच्या भिंतीला असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. गीझर आत बसवलेला असेल तर या लेखातली कोणतीही किरकोळ दुरुस्ती करण्याऐवजी आधी त्याची जागा बदलावी. ‘वर झरोका आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण हवा आत येण्यासाठी खाली आणि जळालेला धूर बाहेर पडण्यासाठी वर, अशा दोन वाटा लागतात, आणि थंडीत हाच झरोका पुठ्ठा किंवा जुना टॉवेल लावून बुजवला जातो. एक्झॉस्ट पंखा हाही उपाय नव्हे. आत येणाऱ्या हवेला वाट नसताना पंखा लावला तर धुराची नळी असलेल्या गीझरमध्ये तो बाहेर जाणारा धूर उलटा खोलीत ओढू शकतो.

यातला एक प्रकार अलीकडे फार दिसतो. गीझर बसवला तेव्हा गॅलरी उघडी होती. पुढे धूळ, कबुतरे किंवा पावसाची झड यांना कंटाळून गॅलरीला स्लायडिंगच्या काचा लावल्या गेल्या. गीझर आहे तिथेच राहिला, पण त्याची जागा मात्र बंद खोली झाली, आणि गॅलरीचे दार बहुधा झोपण्याच्या खोलीत उघडते. काचा बसवणारा याविषयी काही बोलत नाही, कारण तो त्याचा विषय नसतो. अशा गॅलरीतल्या गीझरची ज्वाला पिवळी पडणे, वरच्या भिंतीवर काळा पट्टा दिसणे, काचांवर आतून पाणी साचणे ही हवा कमी पडत असल्याची चिन्हे आहेत. काचा काढणे शक्य नसेल तर गीझर तरी हलवावा.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा उल्लेख मुद्दाम करतो. नरक चतुर्दशीला पहाटे घरातली सगळी माणसे, पाहुण्यांसह, पाठोपाठ न्हातात; तेल-उटणे असल्याने प्रत्येकाला वेळ लागतो, आणि बाहेर थंडी म्हणून दारे-खिडक्या बंद असतात. वर्षभरात गीझर सर्वांत जास्त वेळ सलग चालतो तो त्या पहाटे. दोन आंघोळींच्या मध्ये गीझर बंद करून पाच-दहा मिनिटे सगळे उघडे ठेवावे, आणि शक्य तर बादल्या आधी भरून घेऊन, गीझर बंद करून मगच आत जावे. त्या दिवशी वीस मिनिटांनी गीझर बंद पडला तर तो टायमरचा हिशेब असू शकतो. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो पेटतो, आणि त्यात बिघाड काही नसतो.

आतून हाकेला उत्तर येत नसेल तर दार तोडावे, गॅस बंद करावा, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब देण्याची माहिती असलेल्याने ते सुरू करावेत. माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावाच, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जाण्यासाठी प्राणवायू द्यावा लागतो, आणि डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

मग पाणी

मध्येच विझण्याच्या तक्रारींत सर्वाधिक वाटा पाण्याचा असतो. डायफ्रॅम सरकण्यासाठी पाण्याला ठरावीक दाब लागतो. घरगुती गीझरवर किमान दाब बहुधा ०.०२ ते ०.०२५ मेगापास्कल असा छापलेला असतो. सोप्या भाषेत याचा अर्थ टाकीचा तळ आणि पाणी बाहेर पडण्याची जागा यांत किमान दोन-अडीच मीटर उंचीचा फरक हवा. जुन्या बैठ्या घरात टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते आणि शॉवर स्लॅबखाली दोन-तीन फुटांवर असतो, म्हणजे हा फरक जेमतेम मीटरभर भरतो. त्यात पाइप अर्ध्या इंचाचा असेल, त्याला चार-पाच एल्बो असतील, तर आणखी दाब वाटेतच खर्च होतो. अशा घरात टाकी काठोकाठ भरलेली असताना गीझर चालतो आणि टाकी अर्धी झाली की विझू लागतो. तक्रार ‘सकाळी चालतो, नऊनंतर चालत नाही’ अशा शब्दांत आली की आधी टाकीकडे पाहावे.

हे घरच्या घरी मोजता येते. गरम पाण्याच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून, गॅसचा कॉक बंद ठेवून, ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. पावणेदोन मिनिटांच्या आसपास भरली तर प्रवाह मिनिटाला सहा लिटरच्या जवळ आहे. साडेतीन मिनिटे किंवा अधिक लागली तर प्रवाह तीन लिटरच्या खाली गेला आहे आणि गीझर भरवशाने पेटणार नाही, मग सेल कितीही नवे असोत. ही चाचणी एकदा टाकी भरलेली असताना आणि एकदा सगळ्यांच्या आंघोळी चालू असण्याच्या वेळी करावी. दुसऱ्या वेळी फरक पडला तर त्याच पाइपवरून फ्लशची टाकी, स्वयंपाकघराचा नळ किंवा वॉशिंग मशीन पाणी ओढत असते. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला आणि खाली गीझर विझला, हे भूतखेताचे काम नसून सामाईक पाइपचे आहे.

प्रवाह कमी असेल तर पहिला उपाय जाळीचा. थंड पाणी गीझरमध्ये शिरते त्या जोडणीत एक छोटी जाळी असते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आल्यावर किंवा टाकी धुतल्यानंतर तिच्यात माती, शेवाळ आणि पाइपचे कण अडकतात. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून, जोडणी सोडवून, जाळी काढावी आणि जुन्या टूथब्रशने धुऊन परत बसवावी. जाळी फाटली म्हणून तिच्याशिवाय गीझर चालवू नये, कारण मग तोच कचरा डायफ्रॅमपाशी जाऊन बसतो. त्यानंतर शॉवरची चाळणी पाहावी. बारीक छिद्रांचे सुंदर शॉवर कमी दाबाच्या घरात गीझरचे शत्रूच असतात. एवढे करूनही भागले नाही तर टाकीखाली लोखंडी घोडी करून ती उंच करणे, गीझरसाठी टाकीपासून स्वतंत्र एक इंची पाइप आणणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे, असे पर्याय उरतात. मी पंपाआधी स्वतंत्र पाइपला प्राधान्य देईन. तो वीज गेल्यावरही चालतो.

आता थंडीतच ही तक्रार का वाढते, ते पाहू. उन्हाळ्यात टाकीतले पाणी तिसाच्या पुढे असते आणि दहा अंश वाढ पुरते. त्यामुळे नळ पूर्ण सोडला तरी पाणी पुरेसे गरम येते. थंडीत तेवढ्याच प्रवाहात पाणी कोमट लागते, म्हणून माणूस साहजिकच पाण्याचा नॉब किंवा नळ फिरवून धार बारीक करतो. पाणी गरम होते खरे, पण प्रवाह डायफ्रॅमच्या मर्यादेवर येऊन ठेपतो आणि जरासा दाब हलला की गीझर विझतो. उलट प्रकारही घडतो : पाणी फार कढत आले म्हणून मिक्सरमधून थंड पाणी सोडले जाते, थंड पाण्याचा दाब गरम पाण्याच्या नळीत उलटा बसतो, गीझरमधला प्रवाह तुटतो आणि आग विझते. घरच्यांचे म्हणणे असते की ‘गीझर आपोआप बंद होतो’, पण त्याला बंद केलेले असते मिक्सरने.

यावरून नॉब कसे वापरावेत हे ठरते. पाण्याचा नॉब आणि नळ आधी पूर्ण उघडावा आणि तापमान गॅसच्या नॉबने कमी-जास्त करावे. ज्या गीझरला तिसरा, सूर्य आणि हिमकणाचे चित्र असलेला नॉब आहे, त्यात तो फिरवल्याने बर्नरच्या कमी किंवा जास्त ओळी पेटतात. थंडीत तो हिमकणाकडे, एरवी सूर्याकडे ठेवावा. गॅस पूर्ण वाढवूनही पाणी कोमट लागत असेल तरच पाण्याचा नॉब थोडा थोडा कमी करावा. मिक्सरमधून थंड पाणी मिसळणे शेवटी, आणि तेही थोडेच. एक इशारा इथेच देतो : गीझर विझून लगेच पुन्हा पेटला की नळीत थांबलेले पाणी क्षणभर फार कढत येते. लहान मुले आणि वृद्ध यांना थेट गरम धारेखाली उभे करू नये. बादलीत पाणी घेऊन हाताने पाहूनच वापरावे.

डायफ्रॅमचे रबर काही वर्षांनी कडक होते किंवा त्याला भेग पडते. मग दाब पुरेसा असूनही दांडी पूर्ण सरकत नाही आणि गीझर पेटत नाही. पाण्याच्या झडपेच्या खालच्या छिद्रातून थेंब पडत असतील तर दांडीभोवतीची गळती सुरू झाली आहे. पण सर्वांत गंभीर बिघाड याच्या उलट असतो : दांडी आत अडकून राहते, नळ बंद केला तरी ज्वाला जळत राहते आणि आत थांबलेले पाणी उकळू लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी नळ बंद करून गीझरच्या पुढच्या छोट्या खिडकीतून ज्वालेकडे पाहावे. ती लगेच विझली पाहिजे. रेंगाळली तर गॅसचा कॉक बंद करावा आणि झडपेची दुरुस्ती होईपर्यंत तो उघडू नये.

सेल

इथे फार बोलण्यासारखे नाही. टिकटिक मंदावली, दोन ठिणग्यांमधले अंतर वाढले की दोन्ही सेल एकदम बदलावेत. एक जुना, एक नवा असे करू नये. सेल बदलल्यावर फरक पडला नाही तर डब्याच्या पत्र्यांवरचा हिरवा-पांढरा गंज खरवडून काढावा, कारण दमट जागेत सेल गळतात. गीझर महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवावेत. टिकटिक जोरात आहे, गॅसही येतो आहे, ज्वाला पेटते आणि पाच-सात सेकंदांत विझते, असे प्रत्येक वेळी ठरल्याप्रमाणे होत असेल, तर ज्वाला ओळखणाऱ्या कांडीवर काजळी चढलेली असते किंवा ती वाकून ज्वालेबाहेर गेलेली असते. ती साफ करून जागेवर आणणे हे मेकॅनिकचे पाच मिनिटांचे काम आहे.

गॅस

‘शेगडी तर व्यवस्थित चालते, म्हणजे गॅस आहे’ हा युक्तिवाद गीझरला लागू पडत नाही, याचे कारण वरच्या हिशेबात आलेच आहे. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो आणि त्याची वाफ होण्यासाठी तो सिलिंडरच्या भिंतीतून बाहेरची उष्णता घेतो. सिलिंडर संपत आला की द्रवाला टेकलेली भिंत कमी उरते आणि थंडीत बाहेरही उष्णता कमी असते. त्यामुळे शेगडीपुरती वाफ मिळते, गीझरपुरती मिळत नाही. ज्वाला सुरुवातीला उंच असते आणि काही मिनिटांत खाली बसते, सिलिंडरवर खालच्या बाजूला ओलावा धरतो, हे त्याचे लक्षण. घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण आहे; ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच उकळतो, त्यामुळे महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते तशा पहाटे उघड्यावर ठेवलेल्या सिलिंडरमधला ब्यूटेन जवळजवळ पडूनच राहतो. यावर उपाय भरलेला सिलिंडर लावणे हाच. सिलिंडर गरम पाण्याच्या घंगाळात ठेवणे किंवा जवळ शेकोटी करणे असले प्रयोग कदापि करू नयेत.

सिलिंडर भरलेला असूनही ज्वाला बसकी असेल तर रेग्युलेटर आणि नळी पाहावी. घरगुती रेग्युलेटर ठरावीक कमी दाबाने गॅस देतो. बाजारात मिळणारे, दाब वाढवणारे चावीचे रेग्युलेटर व्यावसायिक भट्ट्यांसाठी असतात, ते गीझरला लावले तर ज्वाला बर्नर सोडून वर उडते. नळी आयएसआय चिन्हाची, तारेच्या वेष्टनाची सुरक्षा नळी असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. शेगडीच्या रबरी नळीत टी-जोड घालून गीझरला गॅस घेणे धोक्याचे आहे, आणि शेगडी पेटवली की गीझर विझतो या तक्रारीचे कारणही पुष्कळदा तोच जोड असतो. जोडण्यांची गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून नव्हे.

गॅसचा वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो हे लक्षात ठेवून खालची हवाही बाहेर जाऊ द्यावी. घराबाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

गीझर अनेकदा टिकटिक करून न पेटता मग ‘भक्’ आवाजाने पेटत असेल, तर बर्नरपाशी गॅस साचून एकदम पेट घेतो आहे. हे थांबेपर्यंत गीझर वापरू नये. पुन्हा पेटवण्यापूर्वी दर वेळी एखादे मिनिट थांबावे, म्हणजे साचलेला गॅस निघून जातो.

क्षार, काजळी आणि वारा

सांगली-मिरजेच्या तक्रारीचे मूळ क्षारांत आहे. जड पाणी तापले की त्यातला चुना नळीच्या आत थराने बसतो. पाणी साठ अंशांच्या वर नेले तर हा थर अधिक वेगाने वाढतो. थरामुळे वाट अरुंद होते आणि उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, नळीच्या भिंतीपाशी पाणी जागच्या जागी उकळते. खळखळ येते ती तिथून. शेवटी कट-ऑफ गॅस तोडतो आणि गीझर थोडा थंड झाल्यावरच परत पेटतो. उपाय दोन आहेत : सौम्य आम्लाने नळी आतून धुऊन घेणे, जे मेकॅनिकनेच करावे, आणि तापमान मुळातच कमी ठेवणे. नदीचे नळपाणी आणि बोअर अशी दोन्ही सोय असेल तर गीझरला नदीचे पाणी जोडावे.

काजळीचा प्रश्न बाहेरच्या बाजूचा. ज्वाला निळी, स्थिर असावी. पिवळी टोके दिसू लागली की तांब्याच्या पाकळ्यांवर काजळी बसते, काजळीने धुराची वाट बुजते, त्यामुळे ज्वाला आणखी पिवळी होते, आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही. उन्हाळाभर बंद असलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळी करतात आणि कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. म्हणून पावसाच्या किंवा थंडीच्या सुरुवातीला पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नर उघडून साफ करून घ्यावा. बर्नरचा हवेचा मार्ग किंवा नोझल स्वतः सुई घालून ‘मोठे’ करू नये.

मोकळ्या गॅलरीत वाऱ्याने ज्वाला विझते ही तक्रार साताऱ्यात पावसाळ्यात येते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात तोच पश्चिमेचा वारा शहराच्या पश्चिमाभिमुख गॅलऱ्यांतही शिरतो. गीझरच्या वाऱ्याच्या बाजूला पत्र्याची एक उभी आड लावावी. खाली, वर आणि समोर मोकळे ठेवावे. गीझरभोवती कपाट करणे म्हणजे पुन्हा हवा कोंडणे होय.

मेकॅनिकला बोलावल्यावर

सतत विझणाऱ्या गीझरवर एक झटपट इलाज सुचवला जातो : ‘कट-ऑफ डायरेक्ट करून देतो’. याचा अर्थ संरक्षक स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकणे. गीझर त्या दिवसापासून विझत नाही, कारण विझवणाराच काढून टाकलेला असतो. या इलाजाला स्पष्ट नकार द्यावा, आणि आधीच कोणी केला असेल तर नवा कट-ऑफ बसवून घ्यावा. तो महाग भाग नाही. मायक्रोस्विच किंवा ज्वाला ओळखणारी कांडी टाळून केलेल्या जोडणीबाबतही हेच.

मेकॅनिकला ‘चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा काही नोंदी द्याव्यात : किती वेळाने विझतो, विझताना टिकटिक सुरू होते का, टाकी किती भरलेली होती, दुसरा नळ चालू होता का, सिलिंडर कधी लावला, ज्वालेचा रंग कोणता, बादली किती वेळात भरली. यांतून कारण बहुधा त्याच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या आधीच सापडते, आणि सेल बदलून पाहण्याची वेळ येत नाही.

सिलिंडरऐवजी पाइपने येणारा नैसर्गिक वायू घेतलेल्या घरांनी एक गोष्ट पाहावी. त्या वायूची तेवढ्याच आकारमानातली उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी असते आणि दाबही वेगळा असतो, त्यामुळे सिलिंडरसाठी बनवलेला गीझर तसाच जोडला तर ज्वाला मरतुकडी राहते. काही मॉडेलांचे नोझल कंपनीच्या माणसाकडून बदलून मिळते. बाकीच्यांना त्या वायूसाठी बनवलेला वेगळा गीझरच घ्यावा लागतो.